काटा कुठे आणि पेट्रोल कुठे : गाडीच्या इंधनदाबाचं गेज निवडताना

विषयाची पाटी वाचून दोघा-तिघांनी मला बाहेरच विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून गॅरेज कधी काढलंत?" गॅरेज काढलेलं नाही. पण एखादी गोष्ट 'कळली' असं केव्हा म्हणायचं आणि कळलेल्यावर भरवसा केव्हा ठेवायचा, हे मी नोकरीभर वर्गात शिकवत आलो. गाडीतलं प्रेशर गेज हा त्याच प्रश्नाचा एक पितळी नमुना आहे. फक्त वर्गात चूक झाली तर मार्क जातात, इथे गाडी पेटू शकते. त्यामुळे आज शास्त्र थोडं आणि पेट्रोल जास्त.

साताऱ्यात, कराडात, सांगली-मिरजेत गाड्या हौसेनं उभ्या करणारी बरीच तरुण मंडळी आहेत. त्यातला एक माझा जुना विद्यार्थी. त्याच्याकडे इंजेक्शनवाली जिप्सी आहे. घाटात गाडी ओढत नव्हती, म्हणून मिस्त्रीनं सल्ला दिला की इंधनाचं प्रेशर कायम डोळ्यांसमोर दिसेल असं गेज बसवून घ्या. आणि घ्यायचं तर मेकॅनिकलच घ्या. तेच खरं दाखवतं, इलेक्ट्रिकचा काही नेम नसतो. पोरानं मला फोन केला, "सर, मेकॅनिकल घेऊ का इलेक्ट्रिक?" मी त्याला उलट विचारलं, काटा कुठे बसवणार? म्हणाला, स्टिअरिंगच्या समोर. म्हटलं, मग पेट्रोलपण तिथपर्यंत येणार का? हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता.

आधी आकडे बघू. आपल्याकडे दाब दोन भाषांत बोलतात. टायरची हवा पौंडात, आणि पंपाचं किंवा फवाऱ्याचं प्रेशर केजीत. एक केजी म्हणजे साधारण १४ पौंड. पद्मिनी, ॲम्बेसिडर अशा जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत इंजिनाच्याच कॅमशाफ्टवर चालणारा छोटा पंप असतो. त्याचा दाब साधारण ३ ते ६ पौंड, म्हणजे अर्ध्या केजीच्याही आत. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत पंप विजेवर चालतो, बहुतेक वेळा टाकीतच बुडालेला असतो, आणि दाब असतो साधारण ३ केजी. काही गाड्यांत थोडा कमी, काहींत ४ पर्यंत. म्हणजे जुन्या गाडीच्या दहापट. तुमच्या गाडीचा नक्की आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. तो बघितल्याशिवाय गेजच्या दुकानात पाय ठेवू नका.

आता मेकॅनिकल गेजच्या पोटात काय असतं? विळ्याच्या पात्यासारखी वाकवलेली एक चपटी धातूची नळी. एक टोक बंद, दुसऱ्या टोकातून दाब आत येतो. दाब वाढला की नळी सरळ व्हायला बघते. जत्रेत मुलांना कागदाची पिपाणी मिळते ना, फुंकली की उलगडणारी? तेच तत्त्व. नळीचं उलगडणं अगदी थोडं असतं. दातेरी चाकानं ते मोठं करून काटा फिरवतात. पॅरिसच्या युजेन बुर्दों यांनी १८४९ साली या नळीचं पेटंट घेतलं. मूळ रचना आजही तीच आहे. किर्लोस्करवाडीत तयार झालेला पंप चालवून बघताना जे गेज लावतात, साखर कारखान्याच्या बॉयलरवर जे असतं, तासगावच्या द्राक्षबागेत फवारणीच्या पंपावर जे असतं, त्या सगळ्यांत हीच वाकडी नळी.

इलेक्ट्रिक गेजमध्ये कामाची वाटणी होते. इंजिनाजवळ, जिथे इंधनाची लाईन येते तिथे एक सेंडर बसतो. पेट्रोल त्याच्या आतल्या पातळ पडद्याला दाबतं, त्या दाबाप्रमाणे विजेचा रोध किंवा व्होल्टेज बदलतं, आणि ती खबर तारेनं डॅशबोर्डवर जाते. तिथे फक्त तार पोचते. पेट्रोल बोनेटखालीच राहतं.

आता मिस्त्रीचा मुद्दा घेऊ, कारण तो अडाणी नाही. मेकॅनिकल गेजमध्ये पेट्रोल स्वतः येऊन काट्याला ढकलतं, मधे कुणी दुभाषा नाही. म्हणून ते प्रत्यक्ष वाटतं, आणि इलेक्ट्रिक म्हणजे कुणीतरी सांगितलेली गोष्ट वाटते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ज्या वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडले, तिथल्या एखाद्या नैयायिकाला हे सांगितलं असतं तर त्यानं लगेच अडवलं असतं. दाब पाहिला कुणी? तुम्ही पाहिला तो काटा. काट्यावरून नळी उलगडली हे ठरवलं, आणि नळीवरून दाब ठरवला. डोंगरावर धूर पाहून अग्नी आहे म्हणणं जसं अनुमान, तसंच हे. इलेक्ट्रिक गेजमध्ये अनुमानाच्या पायऱ्या दोन जास्त, इतकंच. पायऱ्या जास्त म्हणजे घसरायच्या जागा जास्त, हे मिस्त्रीचं म्हणणं मान्य. पण म्हणून एक प्रत्यक्ष आणि दुसरं ऐकीव, असा दर्जाचा फरक पडत नाही. अचूकतेचं म्हणाल तर चांगल्या सेन्सरची चूक एक टक्क्याच्या आसपास असते आणि साध्या मेकॅनिकल गेजची अडीच टक्क्यांपर्यंत चालते. 'मेकॅनिकल म्हणजे खरं' हे समीकरण तिथेच सुटतं.

हे टक्के कशाचे, हेही समजून घ्या, कारण इथे दुकानदारही गोंधळतात. गेजची चूक पूर्ण डायलच्या टक्केवारीत सांगतात, काट्याच्या आकड्याच्या नव्हे. ० ते १०० पौंडांचं गेज अडीच टक्क्यांचं असेल, तर डायलवर कुठेही अडीच पौंडांची चूक माफ. इंजेक्शनच्या गाडीत ४३ पौंडांत अडीच इकडेतिकडे झाले तर चालेल. पण तेच गेज पद्मिनीला लावलं तर चार पौंडांत अडीच पौंडांची चूक! म्हणजे गेज लावून काहीच कळलं नाही, उलट कळल्यासारखं वाटलं, जे जास्त वाईट. नेहमीचा दाब डायलच्या मधल्या भागात पडेल असं गेज निवडायचं. कार्बोरेटरला ० ते १५ पौंड, तीन केजीच्या इंजेक्शनला ० ते ६ किंवा ७ केजी.

आता धोक्याकडे येतो. यावर मी जरा वेळ घेणार आहे.

मेकॅनिकल गेज डॅशबोर्डवर लावायचं म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्याला भोक पाडून दाबाखालचं पेट्रोल आत आणायचं, तुमच्या गुडघ्यांच्या वर. तीन केजीचा दाब म्हणजे काय, ते बागाईतदारांना सांगायला नको. ठिबकच्या मेन लाईनला एवढ्याच दाबावर सुईएवढं भोक पडलं तर पाणी किती लांब उडतं! तसं पेट्रोल उडालं, तेही बंद काचांच्या गाडीत, तर? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती पायाशी साचते. हवेत दीड टक्का वाफ झाली की पेटायला पुरेशी. ठिणगीला तर डॅशबोर्डच्या मागे स्विच, रिले, ब्लोअरची मोटर असं सगळं बसलेलंच असतं. आणि इंजिन चालू आहे तोवर विजेवरचा पंप थांबत नाही. गळती होतेय हे त्याला कळत नाही, तो मिनिटाला लिटरभर पेट्रोल ढकलत राहतो.

यात आपल्या भागाचा एक वेगळा मुद्दा आहे. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसाचं, आपल्याच कारखान्यांतलं, याचा मलाही आनंद आहे. पण जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत. काही जातीचं रबर इथेनॉलनं फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. जुन्या पेटीत पडलेली चांगली दिसणारी नळी गेजला लावली, वर तारेनं आवळली आणि काम झालं असं म्हणणारे लोक मी पाहिलेत. बोनेटखाली अशी नळी चिरली तर निदान वास येतो, माणूस गाडी थांबवून उतरतो. केबिनमध्ये चिरली तर उतरायला सवड मिळेलच असं नाही. म्हणून माझं मत सरळ आहे. पेट्रोलची नळी माणसं बसतात त्या जागेत आणायची नाही. हौस म्हणून नाही, शर्यतीत कुणी आणतं म्हणूनही नाही.

"पण सर, आयसोलेटर मिळतो ना?" मिळतो. ती एक छोटी डबी असते, मधे लवचिक पडदा. पडद्याच्या इंजिनाकडच्या बाजूला पेट्रोल, गेजकडच्या बाजूला न पेटणारा द्रव, बहुधा रेडिएटरमध्ये घालतात तसला कूलंट. पेट्रोल पडद्याला ढकलतं, पडदा द्रवाला, द्रव काट्याला. साखर कारखान्यात काम केलेल्यांना यात नवं काही नाही. बॉयलरच्या गेजखाली वळसा घातलेली एक नळी असते, सायफन म्हणतात तिला. तिच्यात पाणी साचून राहतं आणि तापलेली वाफ थेट गेजच्या नळीला भिडत नाही. दाब मात्र पोचतो. तशीच ही युक्ती. चांगली आहे. पण द्रव भरताना हवेचा बुडबुडा राहिला तर काटा आळशी होतो, गरम-थंडीत थोडा सरकतो, आणि पडदा फाटला तर आतल्या बाजूला पेट्रोल आलंय हे तुम्हाला सहज कळत नाही. म्हणजे मिस्त्रीनं टाळायला सांगितलेला मधला दुभाषा आलाच की! मग तारेच्या दुभाष्यानं काय घोडं मारलं होतं?

आता तारेच्या दुभाष्याचीही उलटतपासणी करू. तो खोटं कसं बोलतो? पहिलं कारण अर्थिंग. एका तारेचे जे सेंडर असतात, ते दुसरा मार्ग इंजिनाच्या धातूतून घेतात. आट्यांवर भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळून सेंडर घट्ट बसवला, की गळती थांबते आणि अर्थही तुटतो. मग काटा मनाला येईल तसा फिरतो आणि आळ पंपावर जातो. चांगला पंप बदलला जातो. दुसरं कारण, जुन्या गाडीचं डगमगतं व्होल्टेज. तिसरं, सेंडर एका कंपनीचा आणि मीटर दुसऱ्या. दोघांची भाषा जुळली नाही तर काटा ठामपणे चुकीचा आकडा दाखवतो. जोडी एकत्रच घ्या.

पण सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो फार थोडे लोक दुकानात विचारतात. तार तुटली तर काटा कुठे जाईल?

इथे मला मीमांसकांची आठवण होते. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कसं कळतं? 'दिसत नाही म्हणून नाही' एवढं पुरत नाही. अंधारात घडा दिसत नाही, म्हणून तो नाही असं म्हणता येईल का? न दिसण्यावरून नसणं केव्हा ठरतं? तो असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. आता गेज बघा. काटा शून्यावर आहे. याचे अर्थ दोन. दाब खरोखर नाही, किंवा दाबाबद्दल आपल्याला काहीच खबर नाही. पहिला उजेडातला रिकामा मजला, दुसरा अंधार. साध्या गेजमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. रोधावर चालणाऱ्या काही सेंडरमध्ये तर तार तुटली की काटा उलट शेवटच्या टोकाला जातो. पंप मेलेला आणि डायलवर दणदणीत दाब!

चांगल्या सेन्सरमध्ये यावर साधा उपाय केलेला असतो. त्याला पाच व्होल्ट देतात. दाब शून्य असताना तो शून्य व्होल्ट पाठवत नाही, अर्धा व्होल्ट पाठवतो. पूर्ण दाबाला साडेचार. म्हणजे अर्धा व्होल्ट आला तर अर्थ : मी जागा आहे, बघतोय, आणि दाब नाही. काहीच आलं नाही तर अर्थ : तार तुटली, माझ्या बोलण्यावर जाऊ नका. साखर कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये हीच युक्ती मिलिअँपिअरमध्ये असते. शून्याला ४ आणि पूर्ण मापाला २०. ज्यानं ही युक्ती पहिल्यांदा केली त्यानं मीमांसा वाचली नसणार, पण प्रश्न तोच सोडवला. बरेचसे डिजिटल मीटर अशा वेळी चक्क रेघा दाखवतात. तसं मीटर मिळालं तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

मेकॅनिकलही इथे सोवळं नाही. त्याच्या तोंडाशी कचरा अडकला तर मागचाच दाब धरून काटा बसून राहतो, गाडी बंद केली तरी. म्हणून जुने ऑपरेटर गेजवर बोटानं टिचकी मारून मगच आकडा लिहितात.

मग भरवसा कशावर ठेवायचा? वात्स्यायनानं न्यायभाष्याच्या सुरुवातीलाच उत्तर दिलंय. ज्ञान खरं का खोटं, हे त्याच्याकडे नुसतं बघून ठरत नाही. त्यावर विसंबून कृती केली आणि ती सफल झाली की ठरतं. पाणी दिसलं, ते मृगजळ की पाणी, हे तहान भागल्यावर. गेजच्या बाबतीत ती कृती अशी. गाडी रात्रभर उभी होती, सकाळी बघा : दाब हळूहळू उतरलेला असेल. मग नुसती चावी फिरवा, इंजिन चालू करू नका. पंप दोनेक सेकंद गुणगुणतो, काटा झटकन वर जाऊन मॅन्युअलच्या आकड्याजवळ थांबला पाहिजे. चावी बंद केल्यावर तो लगेच कोसळता कामा नये. ज्या गाड्यांत रेग्युलेटरला इंजिनाच्या मॅनिफोल्डची व्हॅक्यूम नळी जोडलेली असते, त्यांत आयडलला दाब थोडा कमी दिसतो आणि ती नळी काढली की अर्ध्या केजीच्या आसपास वर चढतो. चढला तर गेजही जिवंत आहे आणि रेग्युलेटरही. आणि एकदा गॅरेजमधलं तपासणीचं गेज शेजारी लावून दोन्ही आकडे जुळतात का बघून घ्या.

हे सगळं करून गेज सांगतं काय? ठिबकवाल्यांना हे सांगणं सोपं जातं. तुमच्या फिल्टरच्या आधी एक गेज आणि नंतर एक गेज असतं. दोन्हींतलं अंतर वाढलं की तुम्ही समजता फिल्टर तुंबला, बॅकवॉश करायला हवा. गाडीत फिल्टरनंतर एकच गेज असतं, म्हणून थोडी अक्कल चालवावी लागते. सपाट रस्त्यावर दाब ठीक, पण खंबाटकी चढताना पाय पूर्ण दाबल्यावर तो उतरू लागला, तर मागणी वाढली की पुरवठा पुरत नाही असं समजायचं. फिल्टर तुंबलाय किंवा पंप थकलाय. कोणता, ते गेज सांगत नाही. आधी फिल्टर बदला, तो स्वस्त. उलट दाब घाटातही पक्का राहिला आणि तरी गाडी ओढत नसेल, तर इंधनाच्या लाईनचा नाद सोडा, प्लग, कॉईल, क्लच बघा. माझ्या मते गेजचा खरा उपयोग हा दुसराच : ज्या गोष्टी बिघडलेल्या नाहीत त्यांच्यावर खर्च होत नाही.

कार्बोरेटरवाल्यांची गोष्ट निराळी. पसरणी घाटात एप्रिलमध्ये पद्मिनी बंद पडायची, आणि माणसं पंपावर ओलं फडकं टाकून बसायची, हे इथल्या निम्म्या लोकांनी पाहिलं असेल. वाईहून पाचगणीपर्यंत सुमारे सहाशे मीटर चढ. वर हवेचा दाब कमी, इंजिन तापलेलं, आणि तो पंप पेट्रोल लांबून ओढून घेणारा. ओढणाऱ्या बाजूला दाब आणखी कमी. पेट्रोल नळीतच उकळतं, पंपाच्या तोंडी नुसती वाफ येते. तेव्हा गेज असतं तर काटा थरथरत खाली आलेला दिसला असता. पण उपाय शेवटी ओलं फडकंच! अशा गाडीला डॅशबोर्डवर गेज लावण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. बोनेटखाली, पंप आणि कार्बोरेटरच्या मधे, छोटं मेकॅनिकल गेज पुरे.

तेव्हा माझी निवड अशी. बोनेटखाली, दाब सेट करायला आणि पडताळायला, मेकॅनिकल. त्याला वीज लागत नाही, किंमत कमी, मिस्त्रीला वाचता येतं. शक्यतो इंजिनाच्या थरथरीतून दूर, बॉडीवर बसवा. फवारणीच्या पंपावर असतं तसं ग्लिसरीन भरलेलं घेतलं तर काटा नाचत नाही. पण उन्हाळ्यात बोनेटखाली ते तापतं, आतला द्रव फुगून आकडा सरकतो, म्हणून वाचन इंजिन थंड असताना घ्या. केबिनमध्ये, चालवताना बघायला, इलेक्ट्रिकच. आणि दोन्ही कशाला हवीत असं वाटत असेल, तर गाडी रोजच्या वापराची आहे का ते बघा. रोजच्या गाडीला कायमचं गेज लागतच नाही. शंका आली की गॅरेजमध्ये जाऊन दाब मोजून घ्यायचा.

या दोन्हींची जोड तुमच्यापैकी अनेकांच्या गाडीत आधीपासून आहे. सीएनजी किट बसवलेल्या गाडीचं बोनेट उघडून बघा. रेड्यूसरजवळ एक मेकॅनिकल गेज दिसेल, २०० केजीच्या आसपासचा गॅस दाखवणारं. बऱ्याच किटमध्ये त्या काट्यावरच छोटा सेन्सर बसवलेला असतो. तो काट्याची जागा ओळखतो आणि डॅशबोर्डवरच्या चार-पाच दिव्यांना कळवतो. दोनशे केजीचा गॅस आत आणून काटा फिरवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. तीन केजीच्या पेट्रोलला मात्र आपण घरचं समजतो.

बसवण्याबद्दल एकच सांगतो. लाईन उघडण्याआधी तिच्यातला दाब काढा. पंपाचा फ्यूज काढायचा, इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्यायचं, मग बॅटरीची निगेटिव्ह सोडायची. इंजिन थंड असावं, जागा उघडी असावी, जवळपास बिडीसुद्धा नको. नळी इथेनॉलला चालणारी आणि इंजेक्शनच्या दाबाची, क्लिप योग्य मापाची. गेजच्या जोडाला बारीक भोकाचा अडथळा मिळतो, तो जरूर घाला. गेज फुटलंच तर पेट्रोल बरंच कमी येतं. आणि काम झाल्यावर पंप चालू करून, कोरडा कागद प्रत्येक जोडावर फिरवून बघा.

मागून कुणीतरी विचारतंय, डिझेलला कोणतं गेज? हल्लीच्या कॉमन रेल डिझेलमध्ये रेलचा दाब हजार केजीच्या वर जातो. तिथे हात लावायचा नाही, बाहेरचं कुठलंच गेज लावायचं नाही. त्या धारेनं कातडी फाटून डिझेल आत शिरतं. कंपनीचा सेन्सर रेलवर बसलेलाच असतो. स्कॅनर लावायचा आणि आकडा वाचायचा.